शिक्षण इंग्रजीत, रुग्ण चिनी भाषेत

अकोटच्या कापूसपेठेला चीन हे नाव नवे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी ज्या देशांकडे रवाना होत त्यांत चीन होता, आणि आजही चीनने यंदा सूत व रुई किती उचलली याची चर्चा हंगामात पेढ्यापेढ्यांवर होते. गेल्या वीसेक वर्षांत मात्र हे नाव पेढीवरून उठून माजघरात येऊन बसले आहे. ‘नीट’चा निकाल लागतो, शासकीय महाविद्यालयातील जागा थोड्या गुणांनी हुकते, खासगी महाविद्यालयाच्या शुल्काचा आकडा ऐकून घरातील कर्ते माणूस गप्प होते, आणि मग कोणीतरी सुचवते की चीनला का पाठवू नये.

प्रश्न वाजवी आहे. कोविडच्या साथीपूर्वी चीनमध्ये सुमारे तेवीस हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे होते. म्हणजे हा मार्ग आडवाटेचा मुळीच नाही. तरीही माल न पाहता, वजन न करता सौदा पक्का करण्याची रीत व्यापारी घराण्यांत नसते. येथे तर पणाला लागतात ती अपत्याच्या आयुष्यातील सहा वर्षे, आणि बहुधा वडिलांच्या आयुष्यभराच्या बचतीचा मोठा हिस्सा.

आधी हिशेब पाहावा, कारण तो कडू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बीजिंग येथील भारतीय दूतावासाने चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी सविस्तर सूचनापत्र प्रसिद्ध केले. परदेशी पदवीधारकांना भारतात व्यवसाय करण्यासाठी जी पात्रता परीक्षा द्यावी लागते, त्या ‘एफएमजीई’ला २०१५ ते २०२१ या काळात चीनमधून शिकून आलेले ४०,४१७ उमेदवार बसले आणि ६,३८७ उत्तीर्ण झाले, असे त्यात नमूद होते. शंभरांत सोळा. परीक्षा तीनशे प्रश्नांची, उत्तीर्ण होण्यास दीडशे गुण पुरेसे. तरी हे प्रमाण. कोणत्याही पेढीवर शंभर गाठींपैकी चौऱ्याऐंशी परत आल्या, तर धनी पुढची मागणी नोंदवण्यापूर्वी कारण शोधायला बसेल.

कारणे एकाहून अधिक आहेत. इंग्रजी माध्यमातून परदेशी विद्यार्थ्यांना वैद्यकीय पदवी देण्याची अनुमती चीनच्या शिक्षण मंत्रालयाने ठरावीक ४५ विद्यापीठांनाच दिली होती. यादीबाहेरील प्रवेश हा सरळ बुडीत व्यवहार ठरतो. त्यात भारतातील राष्ट्रीय वैद्यक आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नवे विनियम लागू केले. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवे, त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता हवी, भारतात परतल्यावर आणखी बारा महिन्यांची आंतरवासिता हवी, आणि जेथे शिक्षण झाले त्या देशात तेथील नागरिकाच्या बरोबरीने व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यास विद्यार्थी पात्र हवा. या शेवटच्या अटीकडे प्रवेश मिळवून देणारे मध्यस्थ क्वचितच लक्ष वेधतात. जिल्ह्याच्या गावी हॉटेलच्या दालनात भरणाऱ्या मेळाव्यांत विद्यापीठाची इमारत, तिच्यापुढचे तळे आणि वसतिगृहातील पलंग दाखवले जातात; परवान्याचा कागद दाखवला जात नाही. आयोगाच्या संकेतस्थळावरील मूळ विनियम घरातील एखाद्या वकील वा सनदी लेखापाल आप्ताकडून एकदा शब्दशः वाचून घेणे, हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत स्वस्त खर्च आहे.

परंतु नियमांच्या या जाळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे आणि ती म्हणजे भाषा. दूतावासाच्या त्याच पत्रात सांगितले आहे की अध्यापन इंग्रजीत असले तरी रुग्णालयातील प्रत्यक्ष शिक्षणासाठी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला चिनी भाषा ‘एचएसके’ परीक्षेच्या चौथ्या पातळीपर्यंत शिकावी लागते आणि ती पातळी न गाठणाऱ्यास पदवी मिळत नाही. जुन्या मापाने ही पातळी सुमारे बाराशे शब्दांची. बाराशे शब्दांत बाजारहाट होतो, बसचे तिकीट निघते, ओळखीच्या माणसाशी चार वाक्ये बोलता येतात. छातीत दुखणाऱ्या वृद्धेची कहाणी तेवढ्यात समजेल, ही आशा जरा अधिकच आहे.

मेळघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पुण्या-मुंबईचा नवा डॉक्टर अकोटच्या रुग्णालयात प्रथम येतो तेव्हा रुग्णाची वऱ्हाडी त्याला अर्धीच कळते, आणि डोंगर उतरून आलेली कोरकू बाई बोलू लागली की त्याला परिचारिकेकडे पाहावे लागते. दुखणे कळ मारते की ठसठसते, जळजळते की नुसते जड वाटते, यावर निदान अवलंबून असते आणि हे शब्द कोणी पाठ्यपुस्तकातून बोलत नाही. चीनच्या प्रांतोप्रांती हीच स्थिती आहे. वर्गात शिकलेली प्रमाण भाषा सिच्वान किंवा क्वांगतुंगच्या खेड्यातील म्हाताऱ्याला कळते. त्याचे उत्तर विद्यार्थ्याला कळेलच असे नाही. ज्याला रुग्णाशी बोलता येत नाही तो खाटेपासून दोन पावले मागे उभा राहतो. सहाध्यायी तपासतात, तो पाहतो. पुढे भारतातील परीक्षेत जे प्रश्न रुग्ण पाहिल्यावाचून सुटत नाहीत, तेथे या दोन पावलांची किंमत चुकवावी लागते.

चीनमध्ये रुजलेल्या मराठी माणसाचे उदाहरण शोधू जाता पहिले नाव सोलापूरचे निघते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस विद्यार्थी म्हणून गेले नव्हते. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे ते पदवीधर होते आणि सप्टेंबर १९३८ मध्ये राष्ट्रसभेने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये दाखल झाले. त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भात आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. चित्रपटामुळे कोटणीसांचा त्याग घरोघर पोचला. त्यांचा अभ्यास मात्र पडद्यावर मावला नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात काम करताना त्यांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की ते त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. १९४१ मध्ये ते डॉ. बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. म्हणजे वैद्यकीय अध्यापन करण्याइतकी चिनी त्यांनी चार वर्षांच्या आत मिळवली होती. ना वर्ग होते, ना ध्वनिफिती, ना भ्रमणध्वनीवरील शब्दकोश. रोजची गरज होती, आणि भोवती फक्त चिनी बोलणारी माणसे होती.

दुसरे उदाहरण खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्याचे आहे. वसंत परांजपे हा मराठी तरुण १९४७ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात दाखल झाला. ते दिवस स्थिरस्थावर होण्याचे नव्हतेच. यादवी युद्ध चालू होते आणि चलनाची अशी दैना झाली होती की ऑगस्ट १९४८ मध्ये सरकारने नवा ‘सुवर्ण युआन’ काढला तेव्हा एका नव्या नाण्यासाठी तीस लाख जुने युआन मोजावे लागत होते; नवे चलनही काही महिन्यांत मातीमोल झाले. जानेवारी १९४९ अखेरीस शहरात साम्यवादी सैन्य शिरले. विद्यापीठ तेच राहिले, भोवतालचे राज्य बदलले. परांजप्यांनी भाषा सोडली नाही. पुढे ते भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले, आणि १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरू व माओ त्से-तुंग समोरासमोर बसले तेव्हा त्या दोघांमध्ये दुभाषा म्हणून हाच मराठी माणूस होता.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी उलट आहे. परदेशी विद्यार्थ्यांचे वसतिगृह बहुधा वेगळे असते, वर्ग वेगळा असतो, खोलीत जोडीला हैदराबादचा किंवा जयपूरचा मुलगा असतो, आणि संध्याकाळी जेवताना हिंदी चालते. सोय मोठी, आणि तोटाही तिच्यातच. दिवसातून दोन तास चिनी विद्यार्थ्यांबरोबर घालवण्याचा दंडक जो स्वतःवर घालतो, तो तिसऱ्या वर्षी रुग्णालयात खाटेजवळ उभा राहतो.

भाषेची भीती बहुधा लिपीची असते. खरा त्रास सुरांचा असतो. प्रमाण चिनीत प्रत्येक अक्षराला चारांपैकी एक सूर असतो आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. व्यापारी घरातील मुलांसाठी याचे उत्तम उदाहरण त्यांच्याच धंद्यात सापडते. ‘माय’ हा उच्चार खाली नेऊन वर आणला तर अर्थ होतो खरेदी. तोच वरून झटक्यात खाली आणला तर विक्री. दोन्ही अक्षरे लिहिण्यातही थोडाच फरक. आणि दोन्ही जोडून ‘माय-माय’ म्हटले की त्याचा अर्थ व्यापार. वर्षभर जमाखर्च पाहत वाढलेल्या मुलाला हा शब्द एकदा ऐकून विसरता येणार नाही.

चीनमध्ये उतरल्यावरचे पहिले दिवस कागदपत्रांचे असतात. हॉटेलबाहेर कोठेही राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने चोवीस तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे निवासाची नोंद करावी, असा तेथील कायदा आहे. वसतिगृहात राहणाऱ्यांचे हे काम बहुधा विद्यापीठ पाहते, पण झाले की नाही हे विचारण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. दीर्घ मुदतीच्या ‘एक्स-१’ विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने तीस दिवसांच्या आत निवास परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी आरोग्य तपासणी होते. मूळ प्रमाणपत्रे सामानाच्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. विद्यापीठाने व सरकारी अनुमती नसता अर्धवेळ नोकरी करता येत नाही, म्हणून ‘तिथे गेल्यावर काहीतरी कमावील’ हा हिशेब वहीत धरू नये. बँकेचे संदेश येत राहावेत यासाठी भारतीय सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवावे. पैसे पाठवण्याच्या वेळी ओटीपीवाचून खाते अडले की घरच्यांची झोप उडते.

हवामानाविषयी एकच सांगणे पुरे. अकोल्याचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसलेले मूल उत्तर चीनच्या हिवाळ्यात टिकते, कारण तेथे साधारण १५ नोव्हेंबरपासून १५ मार्चपर्यंत इमारतींना सार्वजनिक यंत्रणेतून ऊब पुरवली जाते. यांगत्सेच्या दक्षिणेस ही व्यवस्था नाही आणि तेथील ओली थंडी खोलीत बसूनही हाडांत शिरते. जाड गोधडीची गरज दक्षिणेत अधिक, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

जैन घरांत मात्र याहून मोठी चिंता असते ती ताटाची, आणि ती अनाठायी नाही. चिनी भोजनालयात ‘भाजी’ म्हणून येणाऱ्या पदार्थाला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते, रस्सा हाडांच्या सत्त्वाचा असू शकतो, शिंपल्यांचा सॉस हिरव्या पालेभाजीवरही घातला जातो. मांस नको एवढे सांगितले की तुकडे काढून तोच पदार्थ पुढे येतो. म्हणून शब्द नेमका हवा: ‘वो छ्र सू’, मी शाकाहार करतो. हा ‘सू’ शब्द चिनी माणसाला परका नाही. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंनी मांस वर्ज्य करावे यासाठी आग्रह धरला आणि तेव्हापासून चिनी विहारांत शाकाहार रुजला. आजही अनेक श्रद्धाळू कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी मांस टाळतात. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घराला ही रीत ओळखीची वाटेल. मोठ्या शहरांत विहाराजवळ शाकाहारी भोजनालये असतात आणि त्यांचा पत्ता पहिल्याच आठवड्यात वहीत टिपून ठेवावा.

या विहारांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही. उग्र वासाच्या पाच वनस्पती तेथे वर्ज्य आहेत: लसूण, कांदा व त्यांच्या गोत्रातील पाती. गंमत पुढे आहे. त्या यादीत पाचवी वस्तू म्हणून जुने ग्रंथ ‘शिंगछू’ सांगतात आणि हा शब्द संस्कृत ‘हिंगु’वरूनच गेलेला आहे. ज्या हिंगाने जैन स्वयंपाकघरात कांदा-लसणाची उणीव भरून निघते, तोच हिंग तेथे कांद्याच्या पंक्तीला बसवून बाहेर काढला आहे! तेव्हा आईने पुडी बांधून दिलेला हिंग विहारात नेऊ नये, खोलीत वापरावा.

एक इशारा येथे आवश्यक आहे. विहाराचे अन्न निरामिष असते, जैन नसते. आले, बटाटा, मुळा, कमळाचे कंद तेथे सढळ हाताने पडतात, आणि सोयाबीन व गव्हाच्या सत्त्वापासून मासे, बदक यांच्या हुबेहूब आकाराचे पदार्थ करण्याची तेथील आचाऱ्यांना हौस आहे. ताटात प्रत्यक्षात डाळ-गहू असला तरी त्या आकाराकडे पाहून घास उतरत नाही, असे जैन मुलांचे होते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. कंदमूळ व अंडे यांविषयीची वाक्ये चिनीत लिहिलेले कार्ड खिशात असणे हाच त्यावर उपाय. अंड्याला ‘चीदान’ म्हणतात. भात परततानाही ते टाकले जाते, म्हणून हा शब्द आधी शिकावा.

बाजार मात्र उदार आहे. कारली, दोडकी, कोहळा, काकडी, भोपळा, वांगी, मूग, शेंगदाणे, तऱ्हेतऱ्हेच्या पालेभाज्या सर्वत्र मिळतात. उत्तरेकडे साधे वाफवलेले गव्हाचे पाव, ‘मान्थौ’, न्याहारीला चालू शकतात. त्यांत भरलेले सारण नसते, एवढे पाहून घ्यावे. तुरीची डाळ सहज सापडत नाही आणि वऱ्हाडी माणसाला ती उणीव सर्वांत जास्त जाणवते. वसतिगृहात खोलीत शेगडी लावण्यास आगीच्या भयाने अनेक ठिकाणी मनाई असते, काही ठिकाणी मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर असते. प्रवेशापूर्वी विद्यापीठाला विचारावयाच्या प्रश्नांत हा प्रश्न वरच्या क्रमांकाला असावा, कारण सहा वर्षांचे जेवण त्यावर ठरते. नेण्याच्या सामानात एक गोष्ट मात्र घरातून वगळावी लागेल: दुग्धजन्य पदार्थ, ताजी फळे-भाज्या आणि बियाणे चीनमध्ये प्रवाशाला नेता येत नाहीत. आजीच्या हातची लोण्याची बरणी विमानतळावरच काढून घेतली जाते.

पाण्याची चिंता मात्र सोडावी. उकळलेले पाणी पिणे ही चिनी माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. वसतिगृहात, रेल्वेगाडीत, स्थानकावर, रुग्णालयात गरम पाण्याचे नळ असतात आणि प्रत्येकाच्या हाती थर्मास. उकाळलेल्या पाण्याचा नियम पाळणारी श्राविका जगात कोठे निश्चिंत असेल तर येथे.

चौविहाराचा प्रश्न स्थळावर ठरतो. विद्यापीठांतील भोजनालये संध्याकाळी पाचच्या सुमारास उघडतात, ही गोष्ट सोयीची. परंतु चीनभर घड्याळ एकच आहे, भारतापेक्षा अडीच तास पुढे, आणि देश मात्र अफाट रुंद. ईशान्येतील हार्बिनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. पश्चिमेकडील उरुमचीत जूनमध्ये तो रात्री दहापर्यंत क्षितिजावर असतो. हार्बिनचा विद्यार्थी शेवटच्या तासाला बसलेला असतानाच सूर्यास्त होतो. रात्रिभोजनत्याग पाळायचा असेल तर शहर निवडतानाच नकाशा उघडावा, नाहीतर दुपारच्या जेवणाचा डबा भरून नेण्याची तयारी ठेवावी.

या साऱ्याच्या तळाशी एक जुनी जखम आहे आणि तिचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये वूहान बंद झाले. ३१ जानेवारी व १ फेब्रुवारीच्या दोन विमानांनी एअर इंडियाने सहाशेहून अधिक भारतीयांना तेथून परत आणले आणि त्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. सुटी म्हणून घरी आलेल्यांनाही मार्च २०२० अखेरीस चीनची दारे बंद झाली. ती ऑगस्ट २०२२ मध्ये विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाले तेव्हा उघडली. जवळजवळ अडीच वर्षे मुलांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकली. बापाने शुल्क भरले, मुलाने हजेरी दिली, रुग्ण कोणी पाहिला नाही. जुलै २०२२ मध्ये आयोगाने त्यांच्यातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू दिले, पण भारतातील आंतरवासिता एकाऐवजी दोन वर्षांची केली. त्या मुलांनी काही गुन्हा केला नव्हता. वर्षे मात्र त्यांचीच गेली. आज प्रवेश घेणाऱ्याने विद्यापीठाच्या शुल्कपरताव्याच्या अटी, वर्ग थांबल्यास काय, विद्यार्थी आजारी पडून परतल्यास काय, हे लेखी मागावे. व्यवहारात तोंडी शब्दाला मान असतो, पण परदेशातील विद्यापीठाला अकोटच्या बाजारातील पत ठाऊक नसते.

राहता राहिला घराशी संपर्क, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. चीनमध्ये व्हॉट्सअॅप, गुगल आणि यूट्यूब बंद आहेत. तेथे सारे व्यवहार ‘वीचॅट’वर चालतात, भाजीचे पैसेसुद्धा. आणि तेच वीचॅट भारत सरकारने जून २०२० मध्ये इतर अनेक चिनी अॅप्ससह बंद केले. इकडचे तिकडे चालत नाही, तिकडचे इकडे नाही. रोमिंगवर असलेल्या भारतीय सिमवरून व्हॉट्सअॅप चालते पण खर्च वाढतो; दोन्हीकडे अॅपलचे फोन असतील तर फेसटाइम चालतो; साधा दूरध्वनी आणि गुगलचा नसलेला ईमेल पत्ता हा भरवशाचा मार्ग. हे सारे निघण्यापूर्वी घरात बसून करून पाहावे. चीनमध्ये नवे सत्र सप्टेंबरच्या आरंभी सुरू होते, म्हणजे मूल तेथे पोचते ते बहुधा पर्युषण किंवा दशलक्षणाच्याच दिवसांत. खोली नवी, भाषा परकी, उपाशीपोटी कागदपत्रांच्या रांगा, आणि संवत्सरीच्या संध्याकाळी घरी फोन लावायचा असतो. अकोटमध्ये प्रतिक्रमण आटोपून सगळे साडेआठला मोकळे होतात तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणून ‘मिच्छामि दुक्कडम्‌’ची वेळ आधी ठरवून ठेवावी आणि आजीच्या फोनमध्ये तो परदेशी क्रमांक नावासह जतन करून द्यावा, नाहीतर अनोळखी क्रमांक पाहून ती तो उचलणार नाही.